मुलीला पत्रकारितेला घालू का? बार्शीच्या एका वडिलांना उत्तर

बार्शीच्या मार्केट यार्डात आडतीच्या दुकानावर मुनीम असलेल्या एका वडिलांचा प्रश्न आहे. मुलगी बारावी कला शाखेतून ७८ टक्क्यांनी पास झाली आहे आणि तिला पत्रकार व्हायचे आहे. पुण्यातल्या एका खासगी संस्थेने तीन वर्षांचे साडेचार लाख रुपये सांगितले आहेत. ‘एवढे करून नोकरी लागते का, पगार किती मिळतो, आणि मुलीच्या जातीला हे क्षेत्र बरे आहे का?’ असे त्यांनी विचारले आहे.

मी २७ वर्षे या कामात आहे. सुरुवात तालुक्याची बातमीदार म्हणून केली. मग जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर, म्हणजे आलेल्या बातम्या तपासून पानावर लावतात तिथे, उपसंपादक आणि पुढे मुख्य उपसंपादक झाले. मधली अडीच वर्षे एका मराठी वृत्तवाहिनीच्या इनपुटला, म्हणजे बाहेरून येणाऱ्या बातम्या घेणाऱ्या विभागात, काढली. गेली ८ वर्षे डेस्क सांभाळत विद्यापीठात तासिका तत्त्वावर बातमीलेखन शिकवते. तुमच्या मुलीसारख्या शे-दीडशे मुली माझ्या वर्गातून गेल्या असतील. त्यातल्या बऱ्याच जणी आज कुठे आहेत हे मला ठाऊक आहे, म्हणून अंदाजाने नाही, पाहिलेले सांगते.

आधी थेट उत्तर देते. तिला पत्रकारिता करू द्या, पण ते साडेचार लाख भरू नका. आता तीन वर्षे तिला अर्थशास्त्र किंवा राज्यशास्त्र घेऊन साधी बी.ए. करू द्या, बार्शीत किंवा सोलापुरात, घरचा डबा घेऊन जाता येईल अशा कॉलेजात. पत्रकारिता त्यानंतर, विद्यापीठाच्या विभागात, एक किंवा दोन वर्षे. त्या तीन वर्षांत तिने लिहीत राहायचे आहे. कसे, ते पुढे सांगते.

असे सांगण्याचे कारण आहे. बातमीचा इंट्रो, म्हणजे पहिला परिच्छेद, कसा लिहायचा, महत्त्वाचे आधी आणि कमी महत्त्वाचे खाली कसे लावायचे, काय-कोण-कुठे-केव्हा-का-कसे या सहा ‘क’कारांची उत्तरे कशी काढायची, हे सगळे हुशार मुलीला सहा महिन्यांत जमते. पण जिल्हा परिषदेचा अर्थसंकल्प समोर ठेवल्यावर त्यात बातमी कुठे आहे हे दिसायला विषय कळावा लागतो, आणि तो सहा महिन्यांत येत नाही. बारावीनंतर थेट मास कम्युनिकेशनला आलेल्या मुलांचा कॅमेऱ्यावर हात चांगला बसलेला असतो, एडिटिंग येते, बोलायला बुजत नाहीत. पण ‘सुधारित अंदाज म्हणजे काय?’ विचारले की वर्ग गप्प होतो. दोष मुलांचा नाही. तीन वर्षांत जाहिरात, जनसंपर्क, चित्रपट, रेडिओ, छायाचित्रण, संवादाचे सिद्धान्त असे सगळे थोडे थोडे शिकवले जाते आणि कुठलाच विषय मुळापर्यंत जात नाही. मराठी पत्रकारितेची सुरुवात ज्यांनी केली त्यांच्याकडे पाहा. १८३२ मध्ये ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर गणित शिकवत, टिळकांचाही विषय गणितच, आणि १९२० मध्ये ‘मूकनायक’ सुरू करणारे डॉ. आंबेडकर अर्थशास्त्र शिकलेले होते.

तुमच्या मुलीकडे तर एक विषय घरातच आहे, आणि त्याची किंमत बहुधा तुम्हाला दोघांनाही वाटत नसेल. फेब्रुवारी २०२३ मधली ती बातमी आठवा, तुमच्याच तालुक्यातल्या शेतकऱ्याची. ५१२ किलो कांदा सोलापूरच्या बाजार समितीत विकला. दर लागला क्विंटलला १०० रुपये, म्हणजे झाले ५१२ रुपये. त्यातून तोलाई, हमाली, गाडीभाडे वजा होऊन शेतकऱ्याच्या हाती राहिले २ रुपये ४९ पैसे. धनादेश मिळाला २ रुपयांचा, तोही पुढच्या तारखेचा. देशभर ती बातमी गेली.

मी दरवर्षी वर्गात कांद्याची अशीच एक पट्टी, म्हणजे विक्री आणि वजावटींच्या हिशेबाचा कागद, फळ्यावर जशीच्या तशी उतरवते, नाव तेवढे झाकते, आणि मुलांना बातमी लिहायला सांगते. पंधरा मिनिटांत ‘बळीराजाची क्रूर थट्टा’ अशा मथळ्याच्या तीसेक कॉप्या माझ्या टेबलावर येतात. त्यात तळमळ असते, पण पट्टीवर दिसते त्यापलीकडची माहिती एकही नसते. मग एखादी मुलगी हात वर करते. तिचे वडील शेतकरी किंवा हमाल असतात. ती विचारते: मॅडम, गाडी शेतकऱ्याने स्वतः लावली होती की आडत्याने? माल कुठल्या प्रतीचा होता, गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, होती का? त्या दिवशी आवक किती, आणि किमान, कमाल, सर्वसाधारण दर काय निघाला? तोलाई-हमालीचा दर समितीने मंजूर केलेला आहे तोच लावलाय का? शेतमालाचे पैसे किती मुदतीत द्यायचे याचा नियम काय, आणि तसे असेल तर पुढच्या तारखेचा धनादेश चालतो कसा? २०१६ पासून फळे-भाजीपाल्याची आडत, म्हणजे आडत्याचे कमिशन, शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची आहे, मग ती दुसऱ्याच नावाने वजा झालेली नाही ना?

या सहा-सात प्रश्नांतून बातमी उभी राहते. दोन रुपयांच्या धनादेशाचा फोटो एक दिवस चालतो. या प्रश्नांच्या उत्तरांवर आठवडाभराची मालिका होते आणि बाजार समितीला खुलासा करावा लागतो. तुमची मुलगी लहानपणापासून दुकानात येत-जात असेल, तर कडता, मातेरे, हिशेबपट्टी, उचल हे शब्द तिला पाठ करावे लागणार नाहीत. बी.ए.ला अर्थशास्त्रात मागणी-पुरवठा शिकताना तिच्या डोळ्यांसमोर तुमचे यार्ड असेल. शेती आणि बाजारपेठ नीट लिहिणारी माणसे आम्हाला आजही शोधावी लागतात. २००५ पासून मराठीत शेतीला वाहिलेले ‘अॅग्रोवन’सारखे दैनिक चालते, यावरून वाचकाची गरज किती आहे ते कळावे. आणि शेती-बाजारात तरुण मुली फार थोड्या आहेत.

आता अभ्यासक्रमांविषयी. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा संज्ञापन व वृत्तपत्रविद्या विभाग आहे, फर्ग्युसन रस्त्यावरचा, ज्याला सगळे ‘रानडे’ म्हणतात. मराठी वृत्तपत्रांत आज संपादकपदावर असलेली कितीतरी माणसे तिथली आहेत, आणि एखाद्याला बातमीची जाण आहे असे दिसले की ‘रानडेचा का?’ असे अजूनही विचारले जाते. तुमच्या हाताशी सोलापूरचे पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर विद्यापीठ आहे, तिथेही मास कम्युनिकेशनचा विभाग आहे. छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर, नांदेड, नागपूर इथल्या विद्यापीठांतही विभाग आहेत. मुंबईत कालिन्याला विद्यापीठाचा विभाग आहे, आणि पूर्वी ज्याला बीएमएम म्हणत, आता बीएएमएमसी म्हणतात, तो बारावीनंतरचा पदवी अभ्यासक्रम अनेक कॉलेजांत आहे. त्यात तिसऱ्या वर्षाला जाहिरात की पत्रकारिता हे निवडावे लागत आले आहे, आणि गर्दी बहुधा जाहिरातीकडे असते. नोकरी आधीच करणाऱ्यांना नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा मार्ग आहे.

एक जागा मात्र तिने मनात धरून ठेवावी. १९६५ मध्ये दिल्लीत स्थापन झालेल्या भारतीय जनसंचार संस्थेचे, म्हणजे आयआयएमसीचे, एक केंद्र अमरावतीला आहे आणि तिथे मराठी पत्रकारितेची पदव्युत्तर पदविका चालते. जागा मोजक्या असतात, प्रवेश परीक्षा असते, पण तिथे आणि ‘रानडे’त निवड झाली तर पुण्या-मुंबईच्या संपादकाला मुलाखतीत तिची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. इंग्रजीत जायचे असेल तर दिल्लीचे जामिया, चेन्नईचे एशियन कॉलेज, पुण्याची सिम्बायोसिस ही नावे आहेत. शेवटच्या दोन ठिकाणी फी लाखांत जाते, म्हणून मी तुम्हाला सुचवणार नाही.

खासगी संस्थेत जायचेच ठरले, तर फी भरण्याआधी स्वतः जाऊन पाहा. पदवी कुठल्या विद्यापीठाची आहे हे कागदावर बघा, माहितीपुस्तकातला ‘संलग्न’ हा शब्द पुरेसा नाही. शिकवणाऱ्यांपैकी किती जण खरोखर डेस्कवर नाहीतर फिल्डवर काम केलेले आहेत, विचारा. मुले दर आठवड्याला काही छापतात का, सरावाचे नियतकालिक, भित्तिपत्रक, बुलेटिन, काहीही, आणि गेल्या महिन्यातला अंक दाखवा म्हणा. स्टुडिओ झकपक असतो, पण गेल्या आठवड्यात त्यात कोण बसले होते ते विचारायचे. माझी एक विद्यार्थिनी आधी अशाच एका संस्थेत दोन वर्षे काढून विद्यापीठात आली होती. ‘वाहिनीत इंटर्नशिप हमखास’ म्हणून पैसे घेतले होते, आणि इंटर्नशिप म्हणजे एका कार्यक्रमात प्रेक्षक म्हणून बसवले होते. तिच्या आईने त्यासाठी पाटल्या मोडल्या होत्या. म्हणून साडेचार लाखांचा आकडा वाचला की माझ्या डोळ्यांसमोर ती येते.

विद्यापीठाच्या विभागात काय मिळते? तीन गोष्टी मिळतात, आणि त्या घरबसल्या मिळत नाहीत. पहिली म्हणजे आपली कॉपी रोज कोणीतरी कापते. वृत्तपत्राच्या डेस्कवर आता नवख्याला समोर बसवून शिकवायला कोणाला वेळ नसतो. पूर्वी रात्री बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती सोडल्यावर चहा पिता पिता मुख्य उपसंपादक कॉपी समजावून सांगायचे. तेव्हा शिकवणी फुकट होती. आता माणसे निम्मी आणि पाने तेवढीच, त्यामुळे ते काम वर्गानेच करायचे. दुसरी गोष्ट ओळखी. बरोबर शिकलेली मुले पुढे वीस वेगवेगळ्या कचेऱ्यांत असतात आणि जागा निघाली की आधी एकमेकांना कळवतात. आमच्याकडची निम्मीअधिक भरती अशीच होते, जाहिरात क्वचितच निघते.

तिसरी गोष्ट कायदा. इथे जरा थांबते. दोन वर्षांपूर्वी एक प्रशिक्षणार्थी मुलगी डेस्कवर होती. तालुक्याहून अल्पवयीन मुलीवरच्या अत्याचाराची बातमी आली, तिने ती छान सफाईने लिहिली. मुलीचे नाव अर्थातच दिले नव्हते. पण गावाचे नाव होते, शाळेचे होते, इयत्ता होती, आणि ‘वडील गावात सलूनचे दुकान चालवतात’ हे वाक्य होते. त्या गावात सलून एकच. मी पान थांबवले. तिला कळेना, नाव तर नाही ना दिले? मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरोधातल्या पॉक्सो कायद्याचे कलम २३ आणि भारतीय न्याय संहितेचे कलम ७२ नुसत्या नावाबद्दल बोलत नाही, ओळख पटेल असा कोणताही तपशील द्यायला मनाई करते. आम्ही गाव, शाळा, वडिलांचा व्यवसाय काढला, आणि आरोपी नात्यातला होता म्हणून त्याचेही नाव काढले, कारण त्याच्यावरून मुलगी कळली असती. बातमी चौदा ओळींची सहा ओळी झाली. ती मुलगी नंतर पाणी प्यायला उठली ती बराच वेळ आली नाही. आज ती एका दैनिकात न्यायालयाचे बीट, म्हणजे तिथल्या बातम्यांचे काम, सांभाळते आणि पोलीस कोठडी व न्यायालयीन कोठडी यांत गल्लत करणाऱ्या जुन्या लोकांच्या कॉप्या दुरुस्त करते.

पैशाचे आता स्पष्ट सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचा खरा रोख तोच आहे आणि बापाने तो विचारलाच पाहिजे. गेल्या दोन-तीन वर्षांत माझ्या पाहण्यातली जी मुले जिल्हा आवृत्तीत उपसंपादक किंवा बातमीदार म्हणून लागली, त्यांना सुरुवातीला महिना १५ ते २० हजार मिळाले. पुण्या-मुंबईत वेबसाइटच्या डेस्कला २० ते ३० हजार. पुण्यात कॉटबेसिसवर राहून मेसचा डबा लावला तरी ८ ते १० हजार जातात, म्हणजे पहिली दोन वर्षे घरी काही पाठवता येत नाही, कधी घरूनच मागवावे लागतात. सात-आठ वर्षांत जी टिकली आणि ज्यांच्या हातात एखादा विषय होता, ती ४०-५० हजारांच्या पुढे गेली. विषय नसलेली बरीच जण तिथेच घुटमळत राहिली किंवा बाहेर पडली. पत्रकारांच्या वेतनासाठी मजीठिया आयोगाच्या शिफारशी २०११ मध्ये लागू झाल्या, सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये त्या वैध ठरवल्या. पण बहुतेक नव्या भरत्या कंत्राटावर होतात आणि तो आकडा नेमणूकपत्रात उतरत नाही. २०२० च्या टाळेबंदीत अनेक आवृत्त्या बंद झाल्या, माझ्या ओळखीची माणसे एका फोनवर घरी बसली. हे तिला आत्ताच माहीत असू द्या.

तालुका प्रतिनिधीच्या कामापासून मात्र तिला जपा. तालुका प्रतिनिधी म्हणून कार्ड मिळते, मानधन नावाला असते, आणि दिवाळी, वर्धापनदिन, नेत्यांचे वाढदिवस आले की जाहिरातींचे टार्गेट येते. ज्या सभापतीची जाहिरात आणली त्याच्याविरुद्ध बातमी कशी द्यायची? मी स्वतः सुरुवातीची दीड वर्षे हे केले. ज्या कारखान्याची पानभर जाहिरात मी आणली होती, त्याच्या मळीच्या पाण्याने मेलेल्या माशांची बातमी माझ्या खिशात तीन आठवडे पडून राहिली आणि शेवटी दुसऱ्याच पेपरात आली. मला ते अजून लागते. बी.ए. करताना तिने बार्शीतून बातम्या जरूर पाठवाव्यात, पण जाहिरात आणण्याची अट असेल तर ‘नाही’ म्हणून उठून यावे. तिला शिकायचे आहे ते बातमीदारी, आणि ती जाहिरात न आणताही शिकता येते.

वृत्तपत्र आणि वाहिनी सोडून इतर वाटा बऱ्याच आहेत, आणि त्या तुमच्यासारख्या घरासाठी जास्त महत्त्वाच्या आहेत. राज्य सरकारचे माहिती व जनसंपर्क महासंचालनालय जिल्हा माहिती अधिकारी, सहायक संचालक अशी पदे एमपीएससीमार्फत भरते. पत्रकारितेची पदवी किंवा पदविका तिथे कामाला येते, काही पदांना अनुभवही लागतो. ‘लोकराज्य’ मासिक, ‘महासंवाद’ संकेतस्थळ हे त्यांचेच. भरती नियमित निघत नाही, म्हणून त्याच एका आशेवर बसू नये, पण निघाली की तिचा अर्ज गेलाच पाहिजे. केंद्रात भारतीय माहिती सेवा आहे. आकाशवाणीची सोलापूर आणि धाराशिव केंद्रे तुमच्या दोन्ही बाजूंना आहेत. तिथे नैमित्तिक तत्त्वावर निवेदक घेतात, आवाजाची चाचणी होते, कॉलेजात असतानाही देता येते. पोटापुरते मिळत नाही, पण मराठी उच्चार आणि वेळेची शिस्त तिथल्यासारखी कुठेच लागत नाही.

अनुवाद ही वाट मला मनापासून आवडते. ग्रामीण भारताच्या कहाण्या प्रसिद्ध करणारे ‘पारी’ मराठीतही येते, बीबीसीची मराठी सेवा २०१७ पासून आहे, फॅक्ट-चेक करणाऱ्या संस्थांची मराठी पाने आहेत. या सगळ्यांना इंग्रजी नीट वाचून स्वच्छ मराठी लिहिणारी माणसे हवी असतात. रुग्णालये, बँका, सहकारी संस्था, सामाजिक संस्था, निवडणुकीचे काम करणाऱ्या कंपन्या यांनाही मराठी मजकूर लागतो आणि तिथले पगार बहुधा वृत्तपत्रापेक्षा बरे असतात. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळ जण तिकडे आहेत आणि सुखी आहेत. मला त्यात कमीपणा वाटत नाही. एवढेच म्हणेन की ज्याला जनसंपर्क करायचा आहे त्याने तो उघडपणे करावा, पत्रकाराचे कार्ड खिशात ठेवून नव्हे.

यूट्यूबविषयी मुली हमखास विचारतात, तीही विचारेल. मराठीत ‘बोल भिडू’, ‘थिंक बँक’सारख्या वाहिन्यांनी दाखवून दिले की मोठ्या छापखान्याशिवायही लाखो लोकांपर्यंत जाता येते. तिथे लेखक, संशोधक, संकलक म्हणून खऱ्या नोकऱ्या आहेत. स्वतःचे चॅनेल मात्र तिने सरावासाठी काढावे, उत्पन्नाचा हिशेब त्यावर मांडू नये.

आणि मशीन. एजन्सीची, म्हणजे वृत्तसंस्थेची, इंग्रजी कॉपी आता संगणक दहा सेकंदांत मराठी करून देतो. पूर्वी नवख्या उपसंपादकाची पहिली दोन वर्षे याच कामात जायची, त्यामुळे ती पायरी आता अरुंद होत चालली आहे. हे खरे आहे आणि मला त्याची काळजी वाटते. पण गेल्याच महिन्यात अशी एक कॉपी माझ्यासमोर आली. एका पाणी योजनेचा खर्च इंग्रजीत १.२ बिलियन रुपये होता, आणि कॉपीत १२ कोटी पडले होते. खरे तर ते १२० कोटी. नवख्या मुलाने तसेच पानावर घेतले, कारण १२ कोटी ऐकायला बरोबर वाटले. ज्याला तालुक्याच्या पाणी योजनेला साधारण किती पैसे लागतात याचा अंदाज आहे, त्याचाच हात तिथे अडखळतो. तो अंदाज तिला बी.ए.च्या तीन वर्षांत, नगरपालिकेच्या सभा ऐकून, निविदा वाचून यायला हवा.

मराठीविषयी थोडे. आमच्याकडे मुलाखतीला येणाऱ्या मुलांपैकी बहुतेक जण मराठी शाळेत शिकलेले असतात, तरी एक परिच्छेद सरळ लिहिता येत नाही. ‘करण्यात आले’, ‘यावेळी बोलताना ते म्हणाले’, ‘मान्यवरांच्या उपस्थितीत’ यातच बातमी संपते. तिला बार्शीची बोली येते, ती सोडू देऊ नका. प्रमाण मराठी लिहिताना ती बोली शब्दांना धार देते. युनिकोडमध्ये इनस्क्रिप्ट कीबोर्डवर दोन्ही हातांनी टाइप करायला तिला याच सुट्टीत शिकवा. हे क्षुल्लक वाटेल, पण चाचणीत पाऊण तासात साडेतीनशे शब्द मागतात, आणि मोबाइलवर अंगठ्याने लिहायची सवय झालेली मुले तिथेच मागे पडतात. इंग्रजीला घाबरू नये. बोलता नाही आले तरी चालेल, वाचता आलेच पाहिजे, कारण न्यायालयाचे निकाल, लेखापरीक्षण अहवाल, बहुतेक मूळ कागद इंग्रजीत असतात.

आता मुलीच्या जातीला बरे आहे का. मी मुलगी म्हणूनच आले, आणि माझ्या वेळी जिल्हा कचेरीत स्त्रियांसाठी वेगळे स्वच्छतागृह नव्हते. आता परिस्थिती पुष्कळ बदलली आहे. डेस्कवर मुली निम्म्याच्या आसपास दिसतात, वाहिन्यांत तर अधिक. पण दैनिकाची रात्रपाळी एक-दीडपर्यंत चालते. नोकरी घेताना तिने दोन गोष्टी बिनदिक्कत विचाराव्यात: रात्री घरी सोडायला गाडी आहे का, आणि २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती आहे का, त्या समितीवर कोण आहे. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे ती असायलाच हवी. उत्तर देताना समोरचा चाचरला तर ती जागा आपली नाही असे समजावे. फिल्डवर धोका असतो, बेकायदा वाळूउपशाच्या बातम्या करणाऱ्यांना मारहाण होते, धमक्या येतात. महाराष्ट्राने पत्रकारांवरील हल्ल्यांविरोधात २०१७ मध्ये स्वतंत्र कायदा केला, तरी गुन्हा त्या कायद्याखाली नोंदवून घ्यायला अजूनही पोलीस ठाण्यात खेटे घालावे लागतात. एकटीने जाऊ नये, कुठे गेलो ते डेस्कला कळवून जावे, एवढी शिस्त बाळगली तर मुलीला बातमीदारी बंद करण्याचे कारण नाही. उलट गावातल्या बाया ज्या गोष्टी पुरुष बातमीदाराला कधीच सांगणार नाहीत, त्या तिला चुलीजवळ बसवून सांगतील. ऊसतोड मजूर बायांच्या गर्भाशय काढण्याचा विषय बीडमधून २०१९ मध्ये पुढे आला. तसे विषय बाईने बाईशी बोलल्याशिवाय कागदावर येत नाहीत.

तर कामाला आजच लागा. तिला पुढच्या सोमवारी तुमच्याबरोबर यार्डात आणा. सौद्याच्या वेळी उभी राहू द्या, तुमच्याशी नाही, बाकीच्यांशी बोलू द्या: दोन शेतकरी, एक हमाल, एक खरेदीदार, समितीचा एक कर्मचारी. तुरीचा हमीभाव २०२५-२६ साठी क्विंटलला ८,००० रुपये ठरला होता. प्रत्यक्षात यार्डात काय निघाला, आणि फरक असेल तर का, एवढ्यावर अडीचशे शब्द तिने संध्याकाळपर्यंत लिहावेत. विशेषणे एकही नको, आकडे निदान पाच. दर सोमवारी एक, वर्षभर. त्यातल्या बऱ्या वाटतील त्या कुठल्याही दैनिकाच्या सोलापूर कचेरीला पाठवाव्यात. पहिल्या दहा कचऱ्यात जातील, पाठवत राहावे. वर्षाअखेर तिच्या फाइलमध्ये पन्नास बातम्या असतील, आणि कुठल्याही प्रवेश परीक्षेच्या मुलाखतीत ती फाइल तिच्या ७८ टक्क्यांपेक्षा जास्त बोलेल.

त्या बातम्यांची उपसंपादकी सध्या तुम्हीच करा. भाषा तिच्यावर सोडा. आवक, दर आणि वजावटी तेवढ्या आपल्या वहीशी ताडून पाहा, आणि आकडा चुकला असेल तिथे लाल पेनाने गोल करून कागद तिला परत द्या.